काप आणि आवर्तन : 'बोरडम्स'चे संगीत पंक कसे ठरते

जपानमधील ओसाकाच्या 'बोरडम्स' या बँडचे १९८९ सालचा 'सोल डिस्चार्ज' आणि १९९९ सालचा 'व्हिजन क्रिएशन न्यूसन' हे दोन अल्बम आपण एकाच आठवड्यात ऐकलेत आणि तीन गोष्टी विचारल्यात. हे खरोखर एकाच बँडचे काम आहे का, असल्यास दुसऱ्या अल्बममध्ये पंक (१९७० च्या दशकातले ते खरखरीत, साधे, बंडखोर रॉक) नेमका कुठे उरतो, आणि इतक्या शैली एकत्र येऊनही त्यांची खिचडी का होत नाही. मी गेली बावीस वर्षे ड्रम वाजवतो आहे आणि त्यांतील निम्मी वर्षे दुसऱ्यांचे बँड ध्वनिमुद्रित करण्यात गेली आहेत. त्यामुळे माझे उत्तर समीक्षकाचे नसून वाजवणाऱ्याचे असेल. ते तसेच वाचावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बँड एकच आहे, आणि या दोन अल्बमांच्या मधल्या दहा वर्षांत गायक-सूत्रधार यामात्सुका आय आणि ड्रम वाजवणारी योशिमी हे दोघे त्याच्या केंद्रस्थानी कायम आहेत. बदलली ती शैली एकत्र आणण्याची पद्धत. आधीचा बोरडम्स शैली कापतो: पाच सेकंद हार्डकोर (पंकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार), तीन सेकंद किंचाळी, मग एखाद्या जुन्या फंक गाण्याचे विडंबन, आणि मध्ये सांधा मुद्दामच उघडा ठेवलेला. नंतरचा बोरडम्स एकच हालचाल इतका वेळ धरून ठेवतो की तिच्यातले पंक, ट्रान्स (क्लबांतले लांबवत नेलेले नृत्यसंगीत), जर्मन रॉक आणि आदिम ढोलवादन हे सगळे एकाच वेळी ऐकू येऊ लागते. मी माझ्यापुरते याला काप आणि आवर्तन असे म्हणतो. दोन्ही पद्धतींच्या मुळाशी एकच हट्ट आहे: कडवे, ध्रुवपद, पुन्हा कडवे या गाण्याच्या ठरलेल्या घडणीला कोणताही मान द्यायचा नाही.

हा हट्ट आला कुठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६४ साली कोबे येथे जन्मलेल्या आयने बोरडम्सच्या आधी 'हानातराश' नावाचा गट काढला होता. या जपानी शब्दाचा अर्थ आपल्याकडच्या 'शेंबडा' या शब्दाच्या अगदी जवळ जातो, आणि गटाचे वागणेही नावाला साजेसेच होते. त्यांच्या कार्यक्रमांत वाद्यांपेक्षा पत्रे, यंत्रांचे भाग आणि कापायची हत्यारे अधिक असत. ऑगस्ट १९८५ मध्ये टोकियोतील एका कार्यक्रमासाठी प्रेक्षकांकडून 'इजा झाल्यास आम्ही कोणाला जबाबदार धरणार नाही' अशा अर्थाचे अर्ज भरून घेण्यात आले होते आणि आय खोदकामाचे यंत्र चालवत थेट सभागृहाची भिंत फोडून आत शिरला होता. ही कथा बोरडम्सविषयीच्या प्रत्येक लेखात येते, आणि मला ती थोडी कंटाळवाणी वाटते, कारण तिच्यामुळे लोक पुढचे संगीतही मोडतोडीच्या कानाने ऐकू लागतात. तिच्यातून घेण्यासारखे एवढेच आहे की मोडतोडीची परिसीमा आयने विशीतच गाठली. भिंत पाडून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे इतरांच्या बराच आधी उभा राहिला, आणि १९८६ साली स्थापन झालेला बोरडम्स हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. नाव घेतले ते इंग्लंडमधील 'बझकॉक्स'च्या १९७७ सालच्या 'बोरडम' या गाण्यावरून, म्हणजे पंकच्या पहिल्या बहरातूनच.

ओसाका हे गाव इथे महत्त्वाचे आहे. जपानी पंकचा प्रचलित इतिहास टोकियोपासून, १९७८ च्या सुमारास 'टोकियो रॉकर्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या 'फ्रिक्शन', 'लिझार्ड' आदी बँडांपासून सुरू होतो. परंतु ओसाका, क्योतो, कोबे या कान्साई पट्ट्यातले वातावरण निराळे होते. तिथे १९७९ साली क्योतोत सुरू झालेल्या 'हिजोकाइदान'सारख्या गटाने गाणे ही गोष्टच सोडून देऊन निव्वळ गोंगाटाला कलाप्रकाराचे रूप दिले, आणि त्याच गटाच्या जोजो हिरोशिगेने 'अल्केमी रेकॉर्ड्स' हे प्रकाशनगृह चालवून त्या गोंगाटाला तबकडीवर जागा दिली. बोरडम्सचा गिटारवादक यामामोतो सेइइची ओसाकात 'नांबा बेअर्स' ही छोटीशी तळघरातली जागा चालवत असे. पोट भरण्यासाठी कोणालाही खूश करण्याची गरज नाही आणि वाजवायला जागा स्वतःचीच आहे, अशी स्थिती असली की संगीत कसे वाकडेतिकडे वाढते, ते या गटांत दिसते.

ओसाकाची दुसरी खूण म्हणजे विनोद. हे शहर जपानभर 'मांझाई' या दोघांच्या जुगलबंदीच्या विनोदासाठी ओळखले जाते. त्यात एक जण मूर्खासारखे बोलतो आणि दुसरा त्याला तत्काळ ठोकतो. सगळी गंमत त्या ठोकण्याच्या वेळेत असते, क्षणभर उशीर झाला तरी हशा जातो. 'सोल डिस्चार्ज' मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो रागीट वाटला होता. ड्रमचे ठेके उतरवून घ्यायला बसलो तेव्हा लक्षात आले की यात राग फारसा नाहीच, यात वेळ साधणे आहे. आय काहीतरी निरर्थक ओरडतो, दोन ड्रमसंच त्याला एका फटक्यात तोडतात, तो दुसऱ्याच आवाजात पुन्हा सुरू करतो. अमेरिकी हार्डकोर पंकमधले गंभीर, मुठी आवळलेले रूप इथे मुळीच सापडत नाही. त्याआधीच्या १९८८ सालच्या अल्बमच्या जपानी नावातही हीच खोडी आहे. 'ओसोरेझान नो स्टूजेस क्यो' म्हणजे साधारणपणे 'ओसोरे डोंगरावरचे स्टूजेसवेड'. ओसोरेझान हा उत्तर जपानमधला, मृतात्म्यांना बोलावणाऱ्या अंध स्त्रियांसाठी प्रसिद्ध असलेला डोंगर, आणि स्टूजेस हा मिशिगनमधला, पंकचा पूर्वज मानला जाणारा बँड. दोन्हींना एका ओळीत बसवणे हाच या गटाचा स्वभाव.

आता कापाच्या तंत्राविषयी. शैलीवरून शैलीवर उड्या मारणारे संगीत त्या काळात न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन झॉर्नही करत होता. त्याच्या 'नेकेड सिटी' या गटासाठी आयने आवाज दिला आणि त्यांच्या १९९० च्या 'टॉर्चर गार्डन' अल्बमवर ४२ तुकडे आहेत, त्यांतील बहुतेक मिनिटभराच्या आतले. परंतु दोन्हींत एक मूलभूत फरक आहे आणि तो वाजवणाऱ्याला लगेच जाणवतो. झॉर्नचे वादक प्रशिक्षित जॅझ वादक होते आणि त्यांचे काप कागदावर लिहिलेले होते. हार्डकोरवरून स्विंगवर (जॅझच्या झुलत्या ठेक्यावर) जाताना ते खरोखरच उत्तम स्विंग वाजवत. बोरडम्सचे वादक दुसऱ्या शैलीवर उडी मारतात तेव्हा ती शैली त्यांना जितकी येते तितकीच वाजवतात. रेगे वाजवायचे तर रेगेची आठवण वाजते, डिस्को वाजवायचा तर डिस्कोचा सांगाडा वाजतो. हे न्यून आहे असे मला वाटत असे. आता वाटत नाही. सगळे काही पंकच्या एकाच खरखरीत हाताने वाजवल्यामुळे तुकड्यांना एक समान पोत येतो, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे खिचडी का होत नाही याचे, पहिले कारण तेच आहे. वेगवेगळ्या रंगांचे कापड जोडून गोधडी शिवताना टाका एकाच हाताचा असावा लागतो, तसे हे आहे.

१९९२ साली या मंडळींना वॉर्नरसारख्या मोठ्या कंपनीने 'पॉप तातारी' काढू दिला, ही त्या काळाची एक गंमतच म्हणावी लागेल. 'तातारी' म्हणजे शाप. त्या अल्बममध्ये खपण्यासारखे काय होते, याचे उत्तर मला आजही देता येणार नाही, पण 'निर्वाणा' या अमेरिकी रॉक बँडच्या यशानंतर कंपन्या काहीही करून पाहायला तयार होत्या, हे त्यामागचे कारण उघड आहे. खुद्द निर्वाणाच्या १९९३ च्या अमेरिका दौऱ्यातील काही कार्यक्रमांची सुरुवात बोरडम्सने केली. १९९४ साली 'लोलापलूझा' या फिरत्या महोत्सवाच्या मुख्य मंचावर दौऱ्याच्या पहिल्या भागात दिवसाची सुरुवात बोरडम्स करत असे, आणि दुसऱ्या भागात त्यांची जागा 'ग्रीन डे' या अमेरिकी पंक बँडने घेतली. पंकचे दोन अर्थ इतक्या स्वच्छपणे एकामागून एक त्याच मंचावर क्वचितच आले असतील: एकाने पंकची चाल घेऊन तिला गुणगुणता येईल असे गोड केले, दुसऱ्याने पंकची मोकळीक घेऊन चालच सोडून दिली. ग्रीन डेविषयी माझ्या मनात आकस नाही. त्यांचा ड्रमवादक उत्तम आहे. पण आपण दुसऱ्या प्रश्नात ज्या 'पंक'चा शोध घेत आहात तो पहिल्या प्रकारचा असेल, तर तो बोरडम्समध्ये १९८९ मध्येही सापडणार नाही.

खरे वळण मुख्य अल्बमांवर न येता 'सुपर रूट्स' या मालिकेत येते. १९९३ पासून निघत गेलेल्या या छोट्या प्रकाशनांत मंडळी कंपनीचे डोळे चुकवून प्रयोग करत असावीत, असे वाटण्याइतक्या त्या गोष्टी मुख्य अल्बमांहून वेगळ्या आहेत. तिसऱ्या भागात ३३ मिनिटांचा एकच तुकडा आहे. त्यात गिटारचा एकच आघात जवळजवळ न बदलता रेटला जातो आणि नावातच 'हार्ड ट्रान्स' असे शब्द आहेत. पाचव्या भागात एकच तुकडा ६४ मिनिटांचा आहे. हार्डकोरचे गाणे दीड मिनिटात संपते, या समजुतीची ही सरळसरळ उलटापालट आहे. माझ्या मते मात्र सगळ्यांत बोलका पुरावा १९९८ सालचा सातवा भाग आहे. त्यातील मुख्य रचना लीड्स शहरातल्या 'मेकॉन्स' या पंक बँडच्या १९७८ सालच्या 'व्हेअर वेअर यू' या गाण्याच्या गिटार-रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरवाक्यावर) उभी आहे. मूळ गाणे तीन मिनिटांहून छोटे आहे. बोरडम्सने त्याचे शब्द टाकून दिले, रिफ तेवढी ठेवली आणि ती सुमारे वीस मिनिटे चालवली. म्हणजे या लांबलचक, ध्यानस्थ वाटणाऱ्या संगीताच्या पोटात शब्दशः एक पंक गाणे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला सापडलेले नाही.

ही रचना मी एकदा आमच्या सरावाच्या खोलीत दोन मित्रांसह वाजवून पाहिली, आणि आवर्तन म्हणजे काय ते त्या दिवशी अंगाला कळले. पहिली तीन-चार मिनिटे उत्साहात जातात. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मनगट भरून येते आणि हात आपोआप काहीतरी वेगळे करू पाहतो. एखादी फिल (ठेक्यातली छोटी सजावट) टाकावी, झांजेवर एखादा जास्तीचा प्रहार करावा, असे सारखे वाटते. तिथे मोह आवरला की मग कान बदलतो. तोच रिफ आहे, पण आता गिटारच्या तारेवर नख घासल्याचा आवाज स्वतंत्र वाद्यासारखा ऐकू येतो, फ्लोअर टॉमचा (ड्रमसंचातल्या जमिनीवर उभ्या मोठ्या ढोलाचा) नाद खोलीच्या कोपऱ्यातून उलटून येताना वेगळा स्वर धरतो. आम्ही अकराव्या मिनिटाला कोसळलो, आणि त्यातही पहिला मीच होतो. बोरडम्स वीस मिनिटे टिकतात, कारण त्यांच्याकडे एकाऐवजी दोन-तीन ड्रमवादक आहेत. हा मुद्दा दिसायला साधा, पण सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

ड्रमविषयी थोडे सविस्तर लिहितो. सुरुवातीच्या बोरडम्समध्ये ब्रिटिश हार्डकोर बँड 'डिस्चार्ज'च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डी-बीट ठेक्याचे संस्कार स्पष्ट आहेत: दोन स्नेअरच्या (तडतडणाऱ्या छोट्या ढोलाच्या प्रहारांच्या) मध्ये बेस ड्रमची (पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाची) जोडी अडखळल्यासारखी पडते आणि त्यामुळे ठेका सतत पुढे तोल जाऊन धावतो आहे असे वाटते. नंतरच्या बोरडम्समध्ये त्याची जागा जर्मनीतील 'नॉय' या गटाच्या क्लाउस डिंगरने १९७० च्या दशकाच्या आरंभी रूढ केलेल्या सरळ, न वळणाऱ्या ठेक्याने घेतली. त्यात प्रत्येक मात्रेवर जवळजवळ सारखेच वजन असते आणि मिनिटेच्या मिनिटे एकही सजावट नसते. धावण्याच्या जागी प्रवास आला. मात्र नॉयमध्ये हे काम एक माणूस करत असे आणि त्याची शिस्त हीच त्याची शैली होती. बोरडम्सने ते काम वाटून घेतले. एकाने फ्लोअर टॉमवर चालता पाया धरायचा, दुसऱ्याने त्याच्या मधल्या रिकाम्या जागांत स्नेअर पेरायची, तिसऱ्याने झांजांच्या लाटा आणायच्या, आणि दमले की भूमिका बदलायच्या. तीन संच एकच ठेका वाजवू लागले तर नुसता आवाज वाढतो आणि सूक्ष्म पुढेमागे झाल्याने प्रहारांच्या कडा बोथट होतात. ठेका वाटून घेतला तर तीन माणसांचे एकच, सहा हातांचे वाद्य तयार होते. माझ्याकडे दुहेरी ड्रमचे बँड मुद्रणासाठी येतात तेव्हा मी त्यांना सर्वप्रथम एकमेकांचे प्रहार वजा करायला सांगतो. बहुतेकांना ते आवडत नाही.

'सुपर आ' हा १९९८ सालचा अल्बम (शीर्षकात रोमन ए आणि ई जोडून लिहिलेले अक्षर आहे) आणि त्यानंतरचा 'व्हिजन क्रिएशन न्यूसन' हे या विभागणीचे पूर्ण पिकलेले रूप आहे. दुसऱ्या अल्बममधल्या रचनांना नावे नाहीत, चिन्हे आहेत. पहिली तर नुसते वर्तुळ आहे. अल्बमचे नाव मंत्रासारखे ओरडून सुरुवात होते आणि त्या ओरडण्यावर ढोलांचा पूर कोसळतो. पण नीट कान देऊन ऐकल्यास जुना कापही इथे जिवंत असल्याचे कळते. सगळा वाद्यवृंद भरात असताना आवाज अचानक तुटतो, मागे सरकतो, अडकलेल्या तबकडीसारखा एकाच तुकड्यावर थरथरतो आणि पुन्हा उसळतो. हे काम वादकांचे नाही, संपादनाचे आहे. आय एव्हाना 'डीजे पिका पिका पिका' या नावाने क्लबांत तबकड्याही लावत असे, आणि बँडच्या मुद्रणाकडे तो एका डीजेच्या दृष्टीने, म्हणजे कापता-जोडता येण्यासारखा कच्चा माल म्हणून पाहू लागला होता. १९८९ मध्ये जो काप वादकांच्या शरीरातून येत होता तो १९९९ मध्ये फितीवर आणि संगणकावर आला, आणि वादकांचे शरीर आवर्तनासाठी मोकळे झाले. दोन अल्बमांमधली आपल्याला जाणवलेली दरी या एका वाक्यात मला बरीचशी भरून निघताना दिसते. पुढे 'रीबोर' या मालिकेत 'अंकल', केन इशी आणि डीजे क्रश या क्लब-संगीतातल्या मंडळींना हाच माल नव्याने जोडायला दिला गेला, आणि एका भागात आयने स्वतःच तो पुन्हा जोडला.

याच काळात आयने आपले नाव बदलून 'यामान्ताका आय' असे केले. आपल्या वाचकाला ते जपानी वाटण्याचे कारण नाही, कारण ते सरळ 'यमांतक' आहे: बौद्ध परंपरेतील, यमाचाही अंत करणारी उग्र देवता. यामात्सुका या आडनावावर केलेली ही कोटी आहे. त्यामागे फार मोठे तत्त्वज्ञान शोधू नये असे मला वाटते. तसेच 'पंक' या शब्दाचा आपल्या भाषेतला चिखल हा अर्थ आठवून कोणी या बँडला पंकज म्हणायला निघाले, तर तेही आवरावे. मात्र २००४ सालच्या 'सीड्रम / हाउस ऑफ सन'च्या दुसऱ्या भागातला सतारीसारखा अखंड झंकार ऐकताना आपल्याकडच्या कानाला तंबोऱ्याची आठवण होतेच, ती दाबण्याचेही कारण नाही.

इथे मराठी श्रोत्याच्या एका सवयीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण मी स्वतः तिच्यात बराच काळ अडकलो होतो. आवर्तन म्हटले की आपण सम शोधतो. बोरडम्सच्या लांब रचनांत सम नाही. एखादा मोठा प्रहार येतो आणि ही सम असे वाटते, तोवर पुढचा मोठा प्रहार वेगळ्याच अंतरावर येतो, कारण तो मात्रा मोजून आलेला नसतो, आयने हात उचलल्यामुळे आलेला असतो. उत्तरकाळात तो बहुतांशी असाच काम करतो: गाणारा कमी आणि हाताने, उडीने, ओरडण्याने इशारे देणारा संचालक अधिक. नंतरच्या काळात त्याने सात मानांचे एक प्रचंड गिटारसदृश वाद्यही मंचावर उभे केले, त्यावर तो काठीने प्रहार करतो आणि त्या प्रहारासरशी सगळे ढोल वळण घेतात. सम शोधणे सोडले की हे संगीत दुपटीने उघडते.

७ जुलै २००७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नदीकाठच्या उद्यानात झालेला '७७ बोआड्रम' हा या विचाराचा सगळ्यांत मोठा प्रयोग होता. सायंकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी सुरुवात, ७७ ड्रमवादक, ७७ मिनिटे, आणि प्रवेश विनामूल्य. बोरडम्स मध्यभागी आणि त्यांच्याभोवती बाकीचे ड्रमसंच मळसूत्रासारख्या वळणात मांडलेले. या वादकांची जुळणी हिशाम भरूचा याने केली होती, आणि त्यात 'लायटनिंग बोल्ट'चा ब्रायन चिपेंडेल होता, 'ओनाइडा'चा किड मिलियन्स होता, अँड्र्यू डब्ल्यू. के. होता. ही मंडळी अमेरिकी तळघरांतून आलेली. म्हणजे ओसाकाच्या तळघरातून निघालेली गोष्ट वीस वर्षांनी तिकडच्या तळघरांना बाहेर उघड्यावर घेऊन आली. पुढच्या वर्षी ८ ऑगस्टला लॉस एंजेलिस येथे ८८ जणांचा तसाच कार्यक्रम झाला.

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ज्याने पथकात ढोल बांधला आहे, त्याला यातली मुख्य अडचण सांगावी लागणार नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सतरा मीटरवरच्या वादकाचा प्रहार माझ्यापर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोहोचतो, आणि एवढा उशीर कानाला स्पष्ट दुहेरी ऐकू येतो. मागच्या रांगेतल्याने पुढच्याचे ऐकून वाजवले तर पथक फाटत जाते, म्हणून आपल्याकडे पुढच्या ताशावर कानापेक्षा डोळा ठेवायला शिकवतात. मळसूत्राच्या मांडणीचा मोठा फायदा हाच की कोणताही वादक मध्यापासून फार दूर जात नाही आणि प्रत्येकाला मधला इशारा दिसतो. तरीही ७७ संच काटेकोर एकत्र पडणे शक्य नाही, आणि बोरडम्सला ते नकोही होते. आपल्या पथकाला एकसंध 'धम्' हवा असतो. इथे हवी होती ती कडा नसलेली, आतून बाहेर पसरणारी लाट. झांजांचा अखंड वर्षाव, टॉमचा गडगडाट आणि मधूनच सगळ्यांनी एकदम थांबणे. ते थांबणे मी चित्रफितीवर पाहिले आहे. माझ्या लेखी तो १९८९ चाच काप, फक्त ७७ पट मोठा.

तिसऱ्या प्रश्नाचे दुसरे कारणही यातूनच स्पष्ट होते. शैलींची खिचडी तेव्हा होते, जेव्हा बँड प्रत्येक शैलीतून तिची ओळखीची खूण उचलतो: रेगेचा गिटार, फंकची बेस, मेटलची विकृत तार, आणि वर कुठलीतरी 'जागतिक' तालवाद्ये. ऐकणारा मग एकेक खूण ओळखत बसतो. बोरडम्स आपल्या परिपक्व काळात खुणा उचलत नाही, काम करण्याची रीत उचलतो. क्लब-संगीताकडून त्यांनी इलेक्ट्रॉनिक आवाज फारसे घेतले नाहीत. एक गोष्ट लांबवत नेण्याचा आणि तिचा वरचा थर हळूहळू काढण्याचा धीर घेतला. जर्मन रॉककडून सरळ चालणे घेतले. पंककडून सगळ्यांत आधी घेतलेली गोष्ट शेवटपर्यंत सोडली नाही: जे हाताशी आहे आणि जितके येते तितक्यातच, परवानगी न मागता वाजवायचे. २००४ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्यांनी चोवीस जणांचा गायकवृंद घेऊन केलेला कार्यक्रम पुढे 'सुपर रूट्स'च्या नवव्या भागात आला. त्यात चर्चसंगीताचा भारदस्तपणा आणि ढोलांचा राडा शेजारी शेजारी आहेत आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची क्षमा मागत नाही. माझा सर्वांत आवडता भाग तोच.

सगळेच फळाला आले असेही मी म्हणणार नाही. 'पॉप तातारी'चा उत्तरार्ध मला थकवतो, तिथे काप हीच सवय झाल्याचे ऐकू येते. 'बोआड्रम'चे आकड्यांचे खेळ पुढच्या वर्षांत थोडे ठरावीक झाले, आणि संख्या वाढवण्याच्या नादात संगीत नवीन काही सांगत होते का, अशी शंका येते. शिवाय यामामोतो सेइइची आणि बेसवादक हिरा बाहेर पडल्यानंतर तारांच्या वाद्यांचा खोडकर आवाज कमी झाला. तो पुन्हा ऐकायचा असेल तर यामामोतोचे 'ओमोइदे हातोबा' आणि 'रोवो' हे गट ऐकावेत. योशिमीचा 'ओओआयओओ' हा गट तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. २०१३ च्या 'गामेल' अल्बममध्ये तिने इंडोनेशियाच्या गामेलान वाद्यांची धातूची घणघण रॉक बँडच्या आत अशी बसवली आहे की कोणते वाद्य कोणाच्या घरी पाहुणे आले आहे ते सांगता येत नाही.

आपण पुढे काय ऐकावे असेही सुचवायला सांगितले होते. सालवार जाऊ नका. 'सोल डिस्चार्ज' आणि 'न्यूसन' यांच्यामधली दरी सालवारीने उलट रुंद वाटते. आधी मेकॉन्सचे ते १९७८ चे गाणे दोनदा ऐका आणि लगेच त्यावर 'सुपर रूट्स'चा सातवा भाग संपूर्ण ऐका, मध्ये उठू नका. त्यानंतर 'सुपर आ' चांगल्या हेडफोनवर ऐका, कारण त्याच्या सुरुवातीला आवाज डावी-उजवीकडे फेकण्याचे जे खेळ आहेत ते फोनच्या स्पीकरवर नाहीसे होतात. मग 'न्यूसन'कडे परत या, आणि ऐकताना फक्त एकाच ड्रमसंचाचा पाठलाग करा. उजव्या कानातला घ्या, तो बहुधा लवकर सापडतो. तो हातात आला की दुसऱ्या दिवशी डावा. 'सोल डिस्चार्ज' सगळ्यांत शेवटी, आणि शक्यतो सोबत एखादा मित्र असताना, कारण तो एकट्याने ऐकून हसता येत नाही.